शेठच्या कोरड्या अंगणाचं पाणी

राधेश्यामशेठला काय मिळणार होतं, ते आधी मांडते. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं एकाच बाजूचं सांगितलं.

त्याला कोरडं अंगण मिळणार होतं. पेरणीच्या घाईत बियाण्याच्या पोत्यांनी लादलेला ट्रक त्याच्या दारात रुतणार नव्हता. चिखलानं जड झालेल्या चपला घेऊन शेतकरी त्याच्या पांढऱ्या फरशीवर चढणार नव्हते. शेठाणी रोज संध्याकाळी कमरेवर हात ठेवून, "हे अंगण आहे का म्हशींचं डबकं?" असं विचारणार नव्हती. आणि सगळ्यांत मोठा फायदा असा, की त्या अंगणावरचं पाणी टाकायला जागा शोधायची नव्हती. ती जागा खालच्या अंगाला आयती उभी होती. तिला विचारायचीही गरज नव्हती.

ती जागा म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुनी दगडी मोरी आहे. मोरी म्हटलं की तुम्हाला भांडी घासायची जागा आठवते. तसली नव्हे. वरून रस्ता जातो, खालून ओढा जातो आणि दोघांची भांडणं होऊ नयेत म्हणून मधे जी पाय रोवून उभी असते, ती मी. नवीन जालन्यात बियाण्याची गोदामं जिथं संपतात, तिथं रस्ता जरासा उंचावतो. एसटीतल्या माणसाचं डोकं खिडकीवर आपटतं आणि तो शिवी देतो. ती शिवी माझीच. माझ्या खालच्या ओढ्याला लोक बोरीचा ओढा म्हणायचे. आता कागदावर त्याला नाला म्हणतात आणि एक नंबर दिलाय. एखाद्याचं नाव काढून त्याला नंबर दिला, की त्याच्याशी कसंही वागायला माणूस मोकळा होतो.

मला तीन कमानी आहेत. निजामाच्या अमलात काळा दगड आणि चुना वापरून मला बांधलं. ज्या मिस्त्रीनं बांधलं तो म्हणे आधी एक अख्खा पावसाळा नुसता ओढ्याकाठी बसून बघत होता. गुराख्याला विचारी, "पाणी त्या बोरीच्या कुठवर लागतं?" धुणं धुणाऱ्या बाईला विचारी, "पुराच्या दिवशी कुठून पलीकडं जाता?" लोकांना वाटलं, सरकारचा पगार खाऊन राह्यला नुसता. पण मग त्यानं ज्या कमानी काढल्या, त्या बराबर निघाल्या. किती पावसाळे आले आणि गेले. पाणी माझ्या पोटातून गेलं, डोक्यावरून कधी गेलं नाही.

तेव्हा वरच्या अंगाला शेतं होती. पाऊस पडला की आधी काळ्या मातीच्या भेगा भरायच्या, मग बांध त्याला अडवायचे, मग गवत त्याचा पदर ओढायचं. सगळ्यांचं पोट भरून जे उरायचं ते माझ्याकडं यायचं, आणि येतानासुद्धा चालत यायचं, पळत नाही. पाऊस गेला तरी माती आपल्या ओटीत लपवलेलं पाणी थोडं थोडं सोडत राहायची. ओढा बारीक व्हायचा, पण जिवंत असायचा. माझ्या कमानीच्या सावलीत खेकडे राहायचे, बोटाएवढे मासे राहायचे, आणि बेडकांचा तर असा गोंगाट, की वरून वरात गेली तरी कळायचं नाही.

आणि खाली वाळू होती. मित्रांनो, ही वाळू लक्षात ठेवा.

दिवाळी झाली की त्या वाळूत झिरा काढायचे. झिरा म्हणजे हातानं उकरलेला खड्डा. त्यात वाळूतून गाळून पाणी साचतं, डोळ्यासारखं स्वच्छ. त्याचा एक रिवाज होता. झिरा काढला की पहिलं पाणी वाळूलाच परत द्यायचं. दुसरं गुराला. तिसरं आपलं. आणि जाताना पाणी भरायची करवंटी तिथंच ठेवून जायची, मागून येणाऱ्यासाठी. ती करवंटी कुणी चोरत नसे. जालन्याचे लोक काय काय चोरतात ते मी रस्त्याखालून पाहिलंय, पण झिऱ्यावरची करवंटी नाही.

अलीकडच्या काळात झिरा काढायची ती सुगराबी. बागवानाच्या घरची. नवरा बदरोद्दीन भाजीचा गाडा ढकलायचा. तो गेला आणि मोरीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठावरची एक पट्टी तेवढी तिच्यामागं राहिली. त्यात ती आणि तिची सून फरहाना मेथी, कोथिंबीर, पालक काढायच्या. भाजी तर सगळेच पिकवतात. पण सुगराबी जुड्या झिऱ्याच्या गार पाण्यात बुडवून, ओल्या फडक्यात गुंडाळून बाजारात न्यायची. दुपारी इतरांची कोथिंबीर मान टाकायची, हिची ताठ उभी. गिऱ्हाईक विचारायचं, "काय घालतेस गं हिला?" सुगराबी म्हणायची, "कुछ नै बाई. हिला फक्त उन्हाची खबर लागू देत न्हाई."

तिचं अख्खं घर त्या वाळूतल्या खड्ड्यावर उभं होतं. दिसायला एवढासा खड्डा, पण तो गेला की घर गेलं.

आता राधेश्यामशेठकडं वळू. माणूस वाईट नव्हता, हे मी रागातसुद्धा सांगते. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. ज्या शेतात त्यानं गोदाम बांधलं त्या शेताची माती त्याला आवडत नव्हती एवढंच. बियाणं विकणाऱ्याला मातीची शिसारी, असो. एका पावसाळ्यात त्याचा ट्रक दारातच रुतला, हमालांनी पोती डोक्यावर वाहिली, चार पोती चिखलात पडली. त्यानं मनात ठरवलं आणि उन्हाळ्यात अंगणाला सिमेंट करायला कारभारी नावाच्या गवंड्याला बोलावलं.

गोदामाचं कुंपण माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. मला सगळं ऐकू येत होतं.

"शेठ, उतार कोनीकडं काढू?" कारभारीनं दोरी ताणत विचारलं.

"रस्त्याकडं काढलास तर?"

"रस्त्यावर तळं साचंल. लोक शिव्या घालतील."

"कुणाला?"

"तुम्हाला. मला कशाला? मी तर खर्चापाणी घेऊन गेलेलो आसंन."

शेठ पोट हलवून हसला. "मंग नाल्याकडं काढ. नाल्याला कोण शिव्या घालतंय? अन् घातल्या तरी त्याला कुठं कान हायेत!"

कारभारी कसबी माणूस. त्यानं असा उतार काढला की अंगणात पेला उलटला तरी थेंब थांबायचा नाही. शेठनं पहिल्या पावसाआधी बादली ओतून पाहिली आणि टाळी वाजवली.

एकट्या शेठचं अंगण असतं तर मी ते पोटात घातलं असतं. पण कोरड्या अंगणाची साथ पसरते. शेजारच्या शोरूमवाल्यानं पाहिलं, त्यानं केलं. गाड्या धुणाऱ्यानं केलं. लग्नाच्या कार्यालयानं तर चार शेतांएवढी जागा एका दमात सिमेंटनं लिंपली आणि त्याला 'लॉन' असं नाव दिलं. प्रत्येकाचा उतार माझ्याकडं. अंगण ज्याचं त्याचं, पाणी मात्र सगळ्यांचं मिळून माझं.

मग पाणी चालत येईना. ते धावत येऊ लागलं. वर ढग फुटायचा आणि मी डोळे चोळेपर्यंत ते माझ्या अंगावर. रंगाचं तर विचारूच नका. कारखान्यांच्या धुराड्यातली काळी भुकटी पत्र्यांवर साचलेली, ती धुऊन यायची. गाड्यांचं तेल यायचं. त्याच्यावर ऊन पडलं की मोरपिसासारखे रंग चमकायचे आणि खालचा मासा पोट वर करायचा. गोदामाच्या अंगणात सांडलेलं, औषध लावलेलं बियाणं यायचं. त्याचा गुलाबी रंग ओघळून ओढा असा दिसायचा जणू कुणाच्या लग्नाचं सरबत. त्या सरबतानं माझे बेडूक गेले. तापलेल्या सिमेंटवरून येणारं पाणी तर भाद्रपदातसुद्धा चटका लावायचं. खेकडे काही दिवस कमानीच्या सांदीत दडून राहिले, मग एक दिवस दिसेनासे झाले. त्यांचा पंचनामा कुणी केला नाही.

आणि पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी ओढा कोरडा. मातीनं ओटीत काही ठेवलंच नव्हतं, ती देणार काय? पूर्वी ओढा दोन वेळचं जेवून राहायचा. आता त्याला अर्ध्या घटकेत नाकातोंडातून कोंबायचं आणि मग वर्षभर उपास.

वाळू दरवर्षी थोडी थोडी सरकू लागली. सुगराबीला झिरा खोल खोल काढावा लागू लागला. शेठाणीकडं मेथी द्यायला जायची ती एक दिवस शेठपुढंच उभी राहिली.

"शेठजी, तुमच्या अंगणाचं पानी लई घाईनं येऊन राह्यलं. माझी वाळू घेऊन चाललंय. कडंला थोडी माती मोकळी ठेवा ना. एखादा खड्डा करा, दगडगोटे भरा त्यात. मुरंल बिचारं."

"अगं सुगराबी," शेठ म्हणाला, "याच जालन्यात माणसं हंडे घेऊन टँकरमागं पळाल्ती. तूबी पळालीस. आता पाणी यायलं तर पेढे वाटायचे, का तक्रार करायची?"

"पाहुणा आला तर पेढे वाटीन शेठजी. हा तर दार तोडून येतो, अन् जाताना घरातली भांडी घेऊन जातो."

शेठ खळखळून हसला. शेठाणीनं तिला चहा पाजला, कपात साखर जास्तीची घातली. आणि काहीही झालं नाही. मित्रांनो, मोठ्या माणसांच्या घरी चहात साखर जास्त पडली, की समजावं आपलं काम झालेलं नाही.

पण खरी चूक पुढं झाली आणि ती सगळ्यांनी मिळून केली. दुष्काळानं पोळलेल्या माणसाची एक खोड असते. पाणी कमी पडलं की तो खणतो. कुठं, कशासाठी, ते नंतर. वाळूतलं पाणीसुद्धा हिवाळ्यातच आटू लागलं तेव्हा शेठच्या मनात पुण्यकर्म आलं. त्यानं वर्गणी काढली, फलक लावला, ओढ्याच्या खोलीकरणाचा नारळ फोडला. जेसीबी आला. लोकांनी त्याला हार घातला. देवाला घालणार नाहीत असा जाड.

सुगराबीनं काय केलं? गूळ-फुटाणे आणले आणि जेसीबीवाल्याला दिले. हो, तिनंच. तिच्या मनात एकच: ओढा खोल झाला तर झिरा भरेल. शेजारची साळूबाई, जी माझ्या वरच्या अंगाला राहायची आणि माझ्याच दगडांवर कपडे आपटायची, ती म्हणाली, "भाभी, आता बघ बारा महिने पानी."

"इन्शाल्ला," सुगराबी म्हणाली, आणि मशीनच्या लोखंडी हाताकडं अशी बघत राहिली जसं कुणी जावयाकडं बघतं.

मी ओरडत होते. दगडाचं ओरडणं कोण ऐकतं? अरे, तो गाळ नाही, ती वाळू आहे! तीच तर पाणी धरते, तीच गाळते, तीच पळणाऱ्या पाण्याचा पाय धरून म्हणते, थांब रे जरा! पण फलकावर लिहिलं होतं 'गाळ काढणे', म्हणून जे निघालं ते गाळच. तो गाळ ट्रॉल्यांत भरून बांधकामांवर गेला. ओढ्याची वळणं सरळ केली. काठाच्या बोरी आड येत होत्या, त्याही काढल्या. एकच उरली, माझ्या खालच्या अंगाला, सुगराबीच्या वाफ्याजवळ. तळाला पिवळा मुरूम लागला, त्याखाली खडक. काम संपलं तेव्हा ओढा असा दिसत होता जशी बंदुकीची नळी.

त्या दिवाळीनंतर सुगराबी करवंटी घेऊन उतरली. खुरप्यानं खडकावर टकटक केली. इकडं केली, तिकडं केली. मग खाली बसली.

"अम्मा, झिरा?" फरहानानं विचारलं.

"पत्थर में कायकू झिरा निकलता गे," ती म्हणाली. करवंटी मात्र तिनं रिवाजाप्रमाणं तिथंच, माझ्या तिसऱ्या कमानीच्या पायरीवर ठेवली. मागून येणाऱ्यासाठी. मागून कोण येणार होतं?

ते वर्ष त्यांनी हापशाचं पाणी डोक्यावर वाहून काढलं. कोथिंबीर दुपारी मान टाकू लागली, तरी वाफे उभे राहिले. पुढचा पावसाळा आला. भाद्रपदात एका दुपारी माझ्यावर लख्ख ऊन होतं. फरहाना ओढ्यात, एका खळग्यात साचलेल्या पाण्यात जुड्या धूत होती. ढग होता तो वर, गोदामांच्या अंगाला. पूर्वी वर पाऊस पडला की ओढा निरोप धाडायचा. आधी पाणी गढुळायचं, मग काड्या तरंगत यायच्या, मग हळूच पातळी चढायची. तोवर बाई धुणं आवरून, मूल काखेत घेऊन, शेजारणीशी दोन शब्द बोलून वर जायची. आता निरोप नाही. आता एकदम धाड.

साळूबाई तिच्या दारातून पाहत होती. "फरहाना! पळ! ए पोरी, भाजी टाक, पळ!"

फरहानानं जुड्या छातीशी धरूनच काठाकडं झेप घेतली. "भाजी टाक म्हणते ना!" साळूबाई किंचाळली. तिनं टाकली. वाफ्यात असलेल्या सुगराबीनं काठावरून तिचा हात धरला, दोघी मातीत पडल्या, आणि जिथं ती बसली होती तिथून काळं-गुलाबी पाणी माझ्या कमानीतून असं सुटलं, की माझ्या चुन्यातला एकेक दगड हलला.

मग वाफे गेले. पाणी काठाच्या पोटात शिरलं, आणि माती वरून नाही, खालून गेली. आधी मेथीचा तुकडा बसला, मग पालकाचा, मग कोथिंबिरीचा. हिरवीगार कोथिंबीर मुळांसकट, मातीसकट, ताठ उभी, होडीसारखी निघून गेली. शेवटची बोरही तिच्यामागोमाग गेली. वरच्या अंगानं लग्नाच्या कार्यालयाचा एक अख्खा मांडव वाहत आला आणि माझ्या कमानींत अडकला. पाण्याला वाट मिळेना. ते मागं फुगलं आणि साळूबाईच्या घरात शिरलं. तिची मागची भिंत पडली. दावणीला बांधलेली शेळी तिला सोडवता आली नाही.

आणि राधेश्यामशेठचं अंगण? पाऊस थांबला आणि चहा उकळेपर्यंत ते वाळलंसुद्धा. कारभारीनं उतार बराबर काढला होता.

दोन दिवसांनी माझ्यावर माणसं जमली. सरकारी कचेरीतले साहेब आले, शेठ आला, वर्गणीवाले आले. सगळ्यांनी वाकून माझ्या कमानींत पाहिलं. आणि निकाल लागला.

"मोरी अरुंद आहे," साहेब म्हणाले. "जुनी झाली. हिनंच अडवलं."

"मी तर कधीपासून म्हणून राह्यलो," शेठ म्हणाला.

मित्रांनो, माझा संताप तेव्हा चुन्यात मावेना. किती पिढ्यांचं पाणी मी पोटातून जाऊ दिलं, आणि गुन्हेगार मी!

सुगराबी काठावर उभी होती. खरं तर काठ उरला होता तेवढ्यावर. ती म्हणाली, "मोरी न्हाई शेठजी अरुंद झाली. तुमची अंगणं रुंद झाली."

कुणी मान खाली घातली असेल असं तुम्हाला वाटतं? छे. शेठ म्हणाला, "सुगराबी, तुझं बोलणं तुझ्या मेथीहून कडू." सगळे हसले. साहेबांनी माझ्या कठड्यावर लाल रंगाची फुली मारायला सांगितली. पुढच्या उन्हाळ्यात मला पाडतील. माझ्या जागी मोठे सिमेंटचे पाइप येतील, ओढ्याचा तळ आणि दोन्ही काठ सिमेंटनं लिंपतील, म्हणजे पाणी आणखी जल्दी जाईल. कुठं जाईल? खाली. खाली कोण राहतं, ते कुणी विचारलं नाही. जसं माझ्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

जाता जाता शेठला दया आली. म्हणाले ना, माणूस वाईट नव्हता. "असं कर सुगराबी," तो म्हणाला, "मोंढ्याच्या बाजारातून भाजी घे अन् माझ्या अंगणात बस विकायला. भाडं नको. पावसाळ्यात चिखल न्हाई, काही न्हाई. एकदम कोरडं."

सुगराबीनं खचलेल्या काठाकडं एकदा पाहिलं. फरहाना तिच्याकडं बघत होती. "हौ," ती शेवटी म्हणाली. नाही म्हणून ती जाणार कुठं होती?

आता ती तिथं बसते. दुसऱ्याच्या मातीतली कोथिंबीर, जिला दुपारपर्यंत उन्हाची सगळी खबर लागलेली असते. ती बाटलीतलं पाणी शिंपडत राहते. साळूबाई पत्र्याच्या आडोशात राहते आणि कपडे हापशावर धुते. काल सुगराबीनं एक जुडी धुतली आणि ते ओंजळभर पाणी शेठच्या अंगणात सांडलं. ते थांबलं नाही. त्या सुरेख उतारावरून घरंगळत, कुंपणाखालून, दगडावरून, माझ्यापर्यंत आलं. तिसऱ्या कमानीच्या पायरीवर पुरानं विसरलेली करवंटी अजून होती, तिला ते शिवून गेलं. त्याला कोथिंबिरीचा वास होता. किती दिवसांनी माझ्याकडं एक स्वच्छ ओंजळ आली, मित्रांनो. रिवाज असा की पहिलं पाणी वाळूला द्यायचं. द्यायला वाळू नव्हती.

म्हणून तुम्हाला सांगते, आणि विनवून नाही, रागावून सांगते. मोठ्यांना सांगून झालं. तुमच्या घरापुढं उद्या कुणी दोरी ताणून उभा राहिला आणि "उतार कोनीकडं काढू?" म्हणाला, तर तुम्ही मधे उभे राहा. अंगणाच्या एका कोपऱ्यात तरी माती उघडी ठेवा. पाय मळू द्या. चार दिवस चिखल होईल, आई ओरडेल, ओरडू द्या. आणि पाणी खाली ढकलण्याआधी एकदा खाली जाऊन बघा, तिथं कोण राहतं, काय धुतं, काय पिकवतं.

राहिला हिशेब. राधेश्यामशेठला कोरडं अंगण मिळालं. दिलं कुणी? बेडकांनी दिलं, खेकड्यांनी दिलं. बोरींनी दिलं. साळूबाईनं भिंत दिली, शेळी दिली. मी माझ्या तिन्ही कमानी देणार आहे, येत्या उन्हाळ्यात. सुगराबीनं वाळू दिली, झिरा दिला, वाफे दिले, आणि वर जेसीबीवाल्याला गूळ-फुटाणेही दिले.

शेठनं चहा दिला. साखर जास्तीची.